उतारा

दिवाळी अंक हाती पडला म्हणजे वाचक आधी व्यंगचित्रे पाहतो, मग राशिभविष्य, मग कथा. आणि फराळाच्या ताटात शेवटी शेवेचा चुरा उरावा तसे आमच्यासारख्यांचे सदर त्याच्या वाट्याला येते. अशा वाचकापुढे मी आज इंग्रजी व्याकरण आणि ‘खालील उतारा वाचून प्रश्नांची उत्तरे लिहा’ हा विषय घेऊन बसले आहे. सणासुदीला हे काय काढलेत बाई, असे कोणी म्हणेल. पण ज्यांच्या घरी दहावीचे मूल आहे त्यांना विचारा. दारात आकाशकंदील लागलेला असतो आणि आत खाटेवर मागच्या पाच वर्षांच्या प्रश्नपत्रिकांचा संच उघडा पडलेला असतो.

मी राहते परळच्या भोईवाड्यात. एका अंगाला केईएम, वाडिया आणि टाटा ही रुग्णालये, दुसऱ्या अंगाला नायगावची वस्ती, आणि आसपास जुन्या गिरण्यांच्या जागी उभे राहिलेले मनोरे. 18 जानेवारी 1982 रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला, तोवर आमच्या भागातल्या माणसाला पोट भरण्यासाठी इंग्रजी लागत नव्हते. साच्यावर उभे राहायला आणि पगाराच्या कागदावर सही करायला मराठी पुरेशी होती. आज त्याच माणसाचा नातू मनोऱ्याच्या फाटकावर पहारेकरी म्हणून उभा राहतो, तेव्हाही येणाऱ्याजाणाऱ्याचे नाव वहीत इंग्रजीत लिहावे लागते. गिरणीने पोरांना जे विचारले नाही ते फाटक विचारते.

मी महाविद्यालयात मराठी शिकवते. इंग्रजी शिकवायला मला कोणी नेमलेले नाही. पण चाळीचे तर्कशास्त्र निराळे असते. जिला पुस्तके वाचण्याचा पगार मिळतो तिला सगळीच पुस्तके वाचता येत असणार, असे आमच्या मजल्याने केव्हाच ठरवून टाकले आहे. त्यामुळे संध्याकाळी सातनंतर माझ्या दारापुढच्या गॅलरीत चटई अंथरली जाते आणि तिघे-चौघे येऊन बसतात. गेल्या वर्षी मार्चमध्ये इंग्रजीत थोडक्यात गेलेली आणि जुलैच्या फेरपरीक्षेची तयारी करणारी एक मुलगी होती. पोळीभाजीचे डबे करून देणाऱ्या, रात्रशाळेत जाणाऱ्या, चाळिशी ओलांडलेल्या एक ताई आहेत. दिवसा औषधाच्या दुकानात काम करून बँकेतल्या कारकुनाच्या परीक्षेला बसणारा एक तरुण आहे. या तरुणाच्या पूर्वपरीक्षेत इंग्रजीचे 30 प्रश्न असतात आणि त्यांना 20 मिनिटे मिळतात. म्हणजे एका प्रश्नाला 40 सेकंद. एवढ्या वेळात आमच्या चाळीतला नळ बादलीच्या तळाला पाणीसुद्धा लावीत नाही.

या मंडळींबरोबर बसू लागल्यापासून ‘उतारा’ या शब्दाकडे मी नव्या नजरेने पाहू लागले आहे. मराठीत या एका शब्दाची किती घरे आहेत पाहा. जमिनीचा सात-बाराचा उतारा असतो. विषावर उतारा असतो. दृष्ट लागली म्हणून ओवाळून तिठ्यावर ठेवतात तोही उताराच. आणि पुस्तकातून उतरवून घेतलेला मजकूर, ज्यावर प्रश्न विचारतात, तोही उताराच. आमची मुले परीक्षेतल्या उताऱ्याशी जे वर्तन करतात ते मला तिठ्यावरच्या उताऱ्याची आठवण करून देते. त्याच्याकडे बघायचे नाही, त्याला ओलांडायचे नाही, बाजूने निघून जायचे!

मी हे विनोदाने म्हणत नाही. मुले उतारा वाचीत नाहीत. ती आधी प्रश्न वाचतात, प्रश्नातला एखादा मोठा शब्द बोटाने धरतात, तोच शब्द उताऱ्यात कुठे सापडतो ते शोधतात, आणि ज्या वाक्यात तो सापडेल ते वाक्य पूर्णविरामापर्यंत उतरवून काढतात. ही युक्ती त्यांना शिकवलेली असते, आणि पुष्कळदा ती लागू पडते.

ती का लागू पडते हे दाखवण्यासाठी एका संध्याकाळी मी त्यांना एक उतारा मराठीत घातला. ‘एका डोंभात एक टोंभा राहत होता. टोंभ्याने मरडीला चिंगवले. म्हणून मरडी फार गोडमली.’ मग प्रश्न विचारले. टोंभा कोठे राहत होता? डोंभात. त्याने कोणाला चिंगवले? मरडीला. मरडी का गोडमली? टोंभ्याने तिला चिंगवले म्हणून. सगळ्यांना पैकीच्या पैकी गुण! आता सांगा, मी म्हटले, टोंभा म्हणजे काय? मंडळी एकमेकांकडे पाहू लागली. टोंभा कोणालाच ठाऊक नव्हता, कारण तो जगात नाही. ‘ने’ आणि ‘ला’ या दोन प्रत्ययांनी आणि ‘म्हणून’ या एका अव्ययाने सगळी उत्तरे हातात आणून दिली होती. डबेवाल्या ताई हसत म्हणाल्या, “म्हणजे बाई, आम्ही इंग्रजीत रोज टोंभाच वाचतो की!”

मला जे सांगायचे आहे ते ताईंनी एका वाक्यात सांगून टाकले. उताऱ्याच्या प्रश्नात इंग्रजीची जेवढी परीक्षा असते त्याहून वाचनाची जास्त असते. आणि वाचन माणूस ज्या भाषेत भांडतो, हसतो आणि हिशेब करतो त्याच भाषेत आधी शिकतो. ते शिकल्यावाचून इंग्रजी व्याकरणाचे कितीही नियम पाठ करून घेतले, तरी मूल टोंभ्याच्या गावातच राहते.

आता व्याकरणाचे पाहू. परीक्षेत ‘डू ॲज डायरेक्टेड’ म्हणून जो प्रश्न येतो, त्याचे नावच मोठे बोलके आहे. सांगितल्याप्रमाणे करा. का, ते विचारू नका. ॲक्टिव्हचे पॅसिव्ह करा, डायरेक्टचे इनडायरेक्ट करा, गाळलेल्या जागी ‘अ’, ‘ॲन’ किंवा ‘द’ भरा. मुले त्यांची सूत्रे पाठ करतात. परंतु ज्या ठिकाणी ती हटकून अडतात, ती ठिकाणे मी काही वर्षे टिपून ठेवीत आले आहे, आणि माझ्या असे ध्यानात आले की ती नेमकी मराठीच्या वळणावरची ठिकाणे आहेत.

साधे ‘अ’ आणि ‘द’ घ्या. मराठीत उपपदे नाहीत, असे आपण सांगतो आणि मोकळे होतो. मग मूल जिथे तिथे ‘द’ ठोकून देते. पण आजीने सांगितलेली कोणतीही गोष्ट आठवा. एक होता राजा. त्या राजाला दोन राण्या होत्या. पहिल्या वाक्यातला राजा आपल्या ओळखीचा नव्हता, म्हणून ‘एक’. दुसऱ्या वाक्यात त्याची ओळख झाली, म्हणून ‘त्या’. इंग्रज पहिल्याला ‘अ किंग’ म्हणतो आणि दुसऱ्याला ‘द किंग’. इंग्रजी उपपदांचे सगळेच खोडसाळपण एवढ्याने मिटत नाही, पण निम्मे मिटते. आणि मुख्य म्हणजे मुलाला कळते की हे काही परक्या मुलखातले जादूटोणे नव्हेत, आपल्याही घरात ही वस्तू होती.

इनडायरेक्ट स्पीचची गोष्ट याहून मजेची आहे. चाळीत लहान मुले निरोप पोचवतात. मुलगा वरच्या मजल्यावर धावत जातो आणि सांगतो, “आईनं सांगितलंय, मला यायला उशीर होईल, तू भात लाव.” या वाक्यातला ‘मला’ कोण? मुलगा नव्हे, आई. मराठी माणूस दुसऱ्याचे बोलणे सांगताना त्याचा आवाज तसाच ठेवतो. सर्वनाम बदलीत नाही आणि काळही बदलीत नाही. ‘तो म्हणाला की मी येतो.’ इंग्रजाला हे चालत नाही. तो सांगणाऱ्याच्या जागेवर उभा राहून सगळे नव्याने मांडतो. ‘मी’चा ‘तो’ करतो आणि ‘येतो’ला भूतकाळात ढकलतो: ‘ही सेड दॅट ही वुड कम.’ हा फरक एकदा उलगडून सांगितला की औषधाच्या दुकानातला आमचा तरुण सूत्र विसरला तरी चुकत नाही. तो म्हणतो, “म्हणजे बाई, मराठीत निरोप्या नट असतो आणि इंग्रजीत तो पोस्टमन असतो.” माझ्या एम.ए.च्या वर्गातही इतके नेमके वाक्य मी सहसा ऐकत नाही.

आणि प्रयोगाचा घोटाळा तर आपण शिक्षकांनीच मुलांच्या डोक्यावर आणून ठेवला आहे. मराठीच्या तासाला आपण शिकवतो, ‘रामाने आंबा खाल्ला’ हा कर्मणी प्रयोग. कारण क्रियापद आंब्याप्रमाणे चालते. आंबा खाल्ला, चिंच खाल्ली. पुढच्याच तासाला इंग्रजीचे मास्तर सांगतात, पॅसिव्ह व्हॉइस म्हणजे कर्मणी प्रयोग. मग मुलाने ‘रामाने आंबा खाल्ला’चे इंग्रजी पॅसिव्हमध्ये केले, तर त्याच्यावर लाल रेघ येते, कारण इंग्रजीत ते वाक्य निखालस ॲक्टिव्ह आहे. मूल गोंधळते आणि आपण म्हणतो, याचे व्याकरण कच्चे आहे. दोन तासांच्या मध्ये जी पाच मिनिटांची घंटा होते, तेवढ्यात दोन्ही मास्तर एकमेकांशी बोलले असते तरी काम झाले असते.

वास्तविक मराठी आणि इंग्रजी या दोन भाषा आपल्याकडे इतक्या फटकून वागत नव्हत्या. दादोबा पांडुरंग तर्खडकरांनी 1836 साली मराठीचे व्याकरण प्रसिद्ध केले, तेव्हा इंग्रजी व्याकरणाची पद्धत त्यांच्या डोळ्यांपुढे होतीच. आपण मराठीत जे स्वल्पविराम आणि पूर्णविराम हौसेने देतो, ते रुजवण्याचे श्रेय मेजर थॉमस कँडी या साहेबाकडे जाते. पुढे रेन आणि मार्टिन यांच्या व्याकरणाने कित्येक पिढ्यांची झोप उडवली. त्यांतले रेनसाहेब मुंबई इलाख्याच्या शिक्षण खात्यात नोकरीला होते, आणि 1924 साली त्यांनी ‘बो जेस्ट’ नावाची वाळवंटातल्या शिपायांची थरारक कादंबरी लिहून नाव मिळवले. ज्याच्या नावाने मुलांना कापरे भरते तो गृहस्थ मुळात गोष्ट सांगणारा होता, हे मी माझ्या चटईवरच्या मंडळींना मुद्दाम सांगते. व्याकरणकाराला गोष्ट आवडते म्हटल्यावर व्याकरणाची भीती थोडी उतरते.

पण ज्या पुस्तकांनी मराठी घरात इंग्रजी आणले ती रेनसाहेबांची नव्हेत. ती तर्खडकरांची भाषांतर पाठमाला. आमच्या आजोबांच्या पिढीत क्वचितच असे घर असेल जिथे ती जीर्ण पुस्तके फळीवर नव्हती. तिची रीत अगदी साधी. थोडे शब्द, थोडे नियम, मग इंग्रजी वाक्यांचे मराठी करा, आणि मग मराठी वाक्यांचे इंग्रजी करा. जाऊन परत यायचे. यात मुलाला टोंभ्यावर भागवता येत नसे. वाक्याचा अर्थ मराठीत उभा राहिल्याशिवाय पेन्सिल पुढे सरकतच नसे.

या रीतीने केवढा माणूस घडला त्याचा दाखला आमच्या परळातच आहे. रामजी सुभेदार लष्करी शाळेत मुख्याध्यापक होते. निवृत्तीनंतर ते मुलांना घेऊन मुंबईस आले आणि परळच्या डबक चाळीत एका खोलीत राहू लागले. त्याच खोलीत चूल, त्यातच अंथरूण, त्यातच अभ्यास. धाकट्या भीमरावाकडून त्यांनी हॉवर्डची इंग्रजी पुस्तके वाचून घेतली आणि तर्खडकरांची भाषांतराची पुस्तके पक्की करून घेतली. मुलाला संध्याकाळी लवकर निजवायचे, आपण रात्री दोन वाजेपर्यंत जागायचे, मग त्याला अभ्यासाला उठवायचे आणि त्याने रिकाम्या केलेल्या जागेवर आपण अंग टाकायचे, असा त्यांचा नेम असे. खोली एक होती आणि माणसे जास्त होती, म्हणून झोपेच्याही पाळ्या लावल्या होत्या. 1907 साली भीमराव एल्फिन्स्टन हायस्कुलातून मॅट्रिक झाला. पुढे डॉ. बाबासाहेब आंबेडकर म्हणून ते परळच्याच बी.आय.टी. चाळीत कित्येक वर्षे राहिले. आमच्या गॅलरीतून निघालेले माणूस पायी तिथवर जाऊ शकते. ज्या इंग्रजीत त्यांनी पुढे जगाशी वाद घातला, त्या इंग्रजीचा पाया एका मराठी बापाने कंदिलाच्या उजेडात मराठीतून घातला होता.

मी हे सांगते तेव्हा माझे इंग्रजीचे सहकारी हसतात. ते म्हणतात, अहो, भाषांतराची पद्धत जुनी झाली. मुलाने थेट इंग्रजीत विचार करायला हवा. त्यांचे म्हणणे सर्वस्वी खोटे नाही. ज्या घरात सकाळी इंग्रजी वर्तमानपत्र येते आणि जेवताना इंग्रजी बोलले जाते, त्या घरच्या मुलाला मराठीचा फेरा घालायचे कारण नाही. पण आमच्या मुलांच्या कानावर इंग्रजी कुठून पडणार? स्टेशनवरच्या घोषणेतून आणि मोबाइलमधल्या जाहिरातीतून. थेट विहिरीत उडी मारायला आधी विहिरीत पाणी असावे लागते.

सरकारच्याही या बाबतीत फेऱ्या झाल्या. स्वातंत्र्यानंतर खेर मंत्रिमंडळाच्या काळात मुंबई राज्यातल्या मराठी शाळांत इंग्रजी आठवीपासून सुरू होई. 2000 साली, रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना, ते पहिलीपासून आले. म्हणजे आज दहावीला बसणारे मूल दहा वर्षे इंग्रजी शिकून आलेले असते. आठवीपासून शिकून तिसऱ्या-चौथ्या वर्षी चांगले पत्र लिहिणारी माणसे मी पाहिली आहेत, आणि दहा वर्षे शिकून पत्राचा मायना चुकवणारी मुलेही रोज पाहते. वर्षे वाढवल्याने भाषा वाढत नाही, हा धडा त्यातून घेण्यासारखा आहे. आजच्या दहावीच्या कृतिपत्रिकेत लेखी 80 गुणांपैकी भाषांतराच्या वाट्याला अवघे पाच येतात. पाच गुणांसाठी कोण रात्री दोनला उठेल?

हा प्रश्न केवळ परळचा नाही. केंद्रीय लोकसेवा आयोगाने 2011 साली नागरी सेवांच्या पूर्वपरीक्षेत सीसॅट म्हणून एक पेपर आणला. त्यात उताऱ्यांवर भर होता. काही उतारे केवळ इंग्रजीचे आकलन तपासणारे होते, तर बाकीच्यांचे हिंदी भाषांतर शेजारी छापलेले असे. ते हिंदी इतके शब्दाला शब्द जोडून केलेले असे की ते समजण्यासाठी इंग्रजी उताराच पाहावा लागे, अशी मुलांची तक्रार होती. 2014 साली दिल्लीत मोठे आंदोलन झाले. त्या वर्षी इंग्रजी आकलनाचे गुण धरायचे नाहीत असे ठरले, आणि 2015 पासून तो सबंध पेपर 33 टक्क्यांची पात्रता मिळवण्यापुरताच उरला. पंचाईत पाहा. परीक्षा आकलनाची, आणि तक्रार अशी की प्रश्नाचेच आकलन होत नाही! टोंभा दिल्लीपर्यंत पोचला होता तर.

पण गुण, पात्रता, नोकरी हे सगळे बाजूला ठेवले तरी वाचता येण्याची खरी निकड काय असते, ते भोईवाड्याच्या पदपथावर दिसते. आमच्या रस्त्याने साऱ्या महाराष्ट्रातून माणसे येतात. जालन्याहून, नांदेडहून, कोकणातून, आजारी माणसाला घेऊन. त्यांच्या काखेत प्लॅस्टिकची पिशवी असते आणि पिशवीत इंग्रजी कागद असतात. वर्दीतल्या माणसाला विचारायची भीती वाटते, म्हणून ती दप्तर पाठीला लावलेल्या मुलांना थांबवतात. “बाळा, हे काय लिहिलंय, जरा वाचून दाखव.” परीक्षेत न आलेला असा उतारा आमच्या मुलांपुढे केव्हाही येऊन उभा राहतो.

फेरपरीक्षेला बसलेल्या त्या मुलीला जूनमध्ये असेच एका बाईंनी थांबवले. नवऱ्याच्या पोटाच्या तपासणीचा अहवाल होता. मुलीने वाचले: ‘द लिव्हर इज अनरिमार्केबल.’ हा शब्द तिच्या धड्यात नव्हता. तिने मोबाइलमध्ये पाहिले. तिथे अर्थ निघाला, दखल घेण्याजोगे नाही. तिने तो तसाच सांगितला. त्या बाई मटकन कट्ट्यावर बसल्या. “म्हणजे आता लक्ष देण्यासारखंही राहिलं नाही का गं?”

मुलगी घाबरली असती आणि कागद परत देऊन निघून गेली असती, तर तिला कोण दोष देणार होते? ती गेली नाही. तिने पुढची ओळ वाचली. ‘द स्प्लीन अँड बोथ किडनीज आर ऑल्सो नॉर्मल.’ तिथे ती थांबली, पुन्हा मागे गेली आणि पुन्हा पुढे आली. मग म्हणाली, “मावशी, इथं ‘हेसुद्धा चांगलं आहे’ असं लिहिलंय. ‘सुद्धा’ म्हणजे आधीचंही चांगलंच असणार. तरी तुम्ही डॉक्टरांना विचारा, मी येते तुमच्याबरोबर खिडकीपर्यंत.” आणि ती गेली. आत डॉक्टरांनी तेच सांगितले. यकृतात दखल घेण्यासारखा दोष काही नाही, असा त्या शब्दाचा अर्थ होता.

रात्री तिने हे मला सांगितले ते एखादा साधा निरोप सांगावा तसे. मी मात्र कितीतरी वेळ गप्प बसले. कोशातला अर्थ तिला चकवून गेला होता. व्याकरणाचे कोणतेही सूत्र तिच्या मदतीला आले नव्हते. ‘ऑल्सो’ या चार अक्षरांच्या क्षुल्लक शब्दावर बोट ठेवून ती मागे वळली, आणि दोन वाक्यांचा संबंध तिने आधी मराठीत लावून पाहिला. वाचणे म्हणतात ते याला. तिच्या उत्तरपत्रिकेत या वाचनाला जागा नव्हती. पण त्या दिवशी एक बाई कट्ट्यावरून उठून चालू लागली, याला मी कोणत्या तराजूत घालू?

तेव्हापासून आमच्या चटईवर एक नियम झाला आहे. उतारा वाचला की वही मिटायची आणि तो दुसऱ्याला मराठीत सांगायचा. शब्दाला शब्द नको. निरोप सांगतो तसा. सांगता सांगता जिथे जीभ अडखळते तिथे उतारा कळलेला नाही असे समजायचे आणि तेवढेच वाक्य पुन्हा उघडायचे. मग प्रश्न वाचायचे. उत्तर आधी मराठीत मनाशी बांधायचे आणि शेवटी इंग्रजीत लिहायचे. पहिले आठ दिवस हे फार सावकाश चालते. बँकेचा तरुण घड्याळाकडे पाहून कासावीस होई. पण महिन्याभरात मराठीतले सांगणे मनातल्या मनात होऊ लागले, आणि पुढे त्याच्या लक्षात आले की साधी वाक्ये मराठीकडे न वळताच त्याला कळून जातात. माझे सहकारी ज्याला थेट इंग्रजीत विचार करणे म्हणतात, तिथे तो पोचला होता. फक्त तो मराठीच्या पुलावरून गेला.

डबेवाल्या ताईंचे म्हणाल तर त्या उताऱ्याचा मतितार्थ सगळ्यांच्या आधी सांगतात. एकदा उतारा एका शेतकऱ्याचा होता. ‘त्याने शेवटी बैल का विकला नाही?’ हा प्रश्न होता, आणि उत्तर उताऱ्यात सरळ दिलेले नव्हते. दहावीची हुशार मुले ‘बैल’ हा शब्द शोधीत बसली. ताई म्हणाल्या, “पुढच्या पावसावर त्याचा भरवसा होता म्हणून. नाहीतर दारात सावकार उभा असताना कोण बैल ठेवतं?” चाळीस वर्षे जगलेल्या माणसाला ओळींच्या मधले वाचता येते. त्यांना फक्त ‘द’ कुठे घालायचा ते सांगावे लागते, आणि ते मी सांगते. जोतीराव आणि सावित्रीबाईंनी 1855 साली पुण्यात प्रौढांसाठी रात्रशाळा काढली, ना. म. जोशींनी 1911 साली स्थापलेल्या सोशल सर्व्हिस लीगने आमच्या गिरणगावात कामगारांसाठी रात्रीचे वर्ग चालवले. थकलेल्या माणसाच्या डोक्यात शहाणपण भरलेले असते, त्याला फक्त अक्षरांची वाट करून द्यायची असते, हे त्या मंडळींनी फार पूर्वी ओळखले होते.

3 ऑक्टोबर 2024 रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. आम्ही मराठीच्या प्राध्यापकांनी पेढे वाटले. मीही वाटले, आणि चटईवरच्या मंडळींनी ते आनंदाने खाल्ले. पण अभिजात भाषेच्या लेकरांची इंग्रजीची फेरपरीक्षा त्याने टळत नाही. आपल्या भाषेचा अभिमान बाळगायचा तर तिला कामाला लावले पाहिजे. मराठी ही इंग्रजीच्या वाटेतली अडचण आहे, असे मुलाला वाटू देण्यापेक्षा मराठी ही इंग्रजीची शिडी आहे, हे त्याच्या हाताला जाणवू द्यावे. त्यासाठी मोठी योजना नको. मराठीचे आणि इंग्रजीचे मास्तर आठवड्यातून एकदा एका वर्गात एकत्र बसले तरी पुष्कळ होईल. आणि ज्यांच्याजवळ संध्याकाळचा एक तास रिकामा आहे, त्यांनी आपल्या गॅलरीत एक चटई अंथरावी. कोणी ना कोणी येऊन बसतेच.

आता वाचकहो, हे सदर संपवण्यापूर्वी तुम्हांलाही एक कृती देते. हा अंक घरातल्या दहावीच्या मुलाच्या हाती द्या. त्याला या मजकुरातला कोणताही एक परिच्छेद वाचू द्या, अंक मिटा आणि सांगायला लावा. त्याने जर तो माझ्यापेक्षा थोडक्यात आणि सोपा करून सांगितला, तर इंग्रजीच्या पेपराची फार काळजी करू नका. आणि त्याने नुसतीच पहिली ओळ पूर्णविरामापर्यंत म्हणून दाखवली, तर त्याला एक चकली द्या आणि शेजारी बसून तो परिच्छेद पुन्हा उघडा.